एकाही रसिकाने जागा सोडली नाही

पौष महिन्यातल्या एका शुक्रवारी एका मराठी दैनिकाच्या जालना जिल्हा पानावर, म्हणजे चौथ्या पानावर, अगदी खालच्या बाजूला, दोन कॉलमी बातमी छापून आली. परतूर तालुक्यातल्या आष्टी गावात गुरुवारी सायंकाळी रॉक गिटारवादनाचा कार्यक्रम झाला. त्याला गावातील मान्यवरांसह शेकडो रसिक उपस्थित होते. तिघा वादकांनी पावणेदोन तास श्रोत्यांना खिळवून ठेवले, या वेळात एकाही रसिकाने जागा सोडली नाही, आणि लोकाग्रहास्तव दोनदा 'वन्स मोअर' द्यावा लागला, असे तीत म्हटले होते. मुख्य गिटारवादक मी होतो. बातमीही मीच लिहिली होती. प्रत्यक्षात कार्यक्रम चार मिनिटे चालला होता.

मी त्या दैनिकाच्या जालन्यातल्या कार्यालयात उपसंपादक आहे. आमचे जिल्हा पान संध्याकाळी सात वाजता छपाईला सुटते. पाच वाजता सुरू होणाऱ्या कार्यक्रमाची बातमी सातपर्यंत येईलच असे नसते, म्हणून निमंत्रण पत्रिका समोर ठेवून ती दुपारीच लिहून ठेवतात. संध्याकाळी वार्ताहराचा फोन आला की सोडायची. फोन आला नाही तरी बहुधा सोडतात, कारण गावोगावच्या वर्धापनदिनांत फारसा फरक पडत नाही. माझ्या नोकरीत अशा काही शे बातम्या मी लिहिल्या असतील. त्या दिवशी सुट्टी घेऊन निघण्यापूर्वी मी माझ्या स्वतःच्या कार्यक्रमाची लिहिली. एरवी मी 'उत्साहात पार पडला' एवढ्यावर थांबतो. त्या दिवशी थांबलो नाही.

गिटारवादक म्हणून माझी कारकीर्द तोपर्यंत सोळा वर्षांची झाली होती. तिचा वृत्तांत थोडक्यात देता येतो. सुरुवात आष्टीत, आमच्या गल्लीतल्या जयंतीच्या गायन पार्टीत झाली. चुलते पार्टीचे गायक होते. त्यांनी मला बँजोवाल्याच्या शेजारी बसवले आणि गाणे चालू असताना मागे मागे राहायला सांगितले. दुसऱ्याच गाण्यात मी पुढे गेलो. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत मी एवढे सूर भरले की चुलत्यांना पुढचे कडवे कुठे धरावे ते कळेना. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले आणि शांतपणे विचारले, "इतकं घाईनं काहून वाजवून राह्यला? कुठं जायचंय?" पुढच्या वर्षी त्यांनी मला बोलावले नाही.

जालन्यात नोकरीला लागल्यावर मी बँड उभा केला. एकूण तीन माणसे. ड्रमवर माझा आतेभाऊ. त्याचा धंदा मळणीयंत्रे दुरुस्त करण्याचा. हंगामात तो तालमीला यायचा नाही आणि हंगाम सोडून आला तरी वाजवायचा मळणीयंत्रासारखाच, म्हणजे एकदा चालू झाला की माल संपेपर्यंत. बेस गिटारवर जाफराबादकडच्या शाळेतले एक गुरुजी. ते अतिशय नेमके वाजवत आणि अतिशय कमी बोलत. तालीम एका बियाणे कंपनीच्या गोदामात चालायची. सरकीच्या पोत्यांच्या भिंतीमुळे आवाज बाहेर जात नसे. आम्हाला ती जागा त्यासाठीच मिळाली होती, आणि कोणी शेजारी तक्रार करत नाही याचा अर्थ मी बराच काळ वेगळा लावला.

माझी खासियत म्हणजे अकरा मिनिटांचे एकट्याचे वादन. वेग हा माझा मुद्दा होता. मी इंटरनेटवर परदेशी वादकांची बोटे अर्ध्या गतीने पाहायचो आणि मग ती दुप्पट गतीने वाजवायचो. सोळा वर्षांत हे अकरा मिनिटांचे वादन शेवटपर्यंत ऐकलेल्यांची यादी मला सांगता येते: आतेभाऊ, गुरुजी आणि गोदामाचा पहारेकरी. लग्नाच्या स्वागत समारंभात ते सुरू केले की लोक जेवायला उठत. एका यजमानांनी नंतर सांगितले की पंगत इतकी वेळेवर कधी बसली नव्हती.

आता वडिलांविषयी. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादा आष्टीत कोतवाल होते. तलाठ्याच्या हाताखाली काम करायचे, आणि गावाला काही कळवायचे असले की ढोल वाजवत गल्लीगल्लीत दवंडी द्यायची. निवृत्त झाल्यावर ढोल आढ्याला टांगला गेला आणि त्यांनी दुसरे काम धरले. सकाळच्या एसटीने पेपर आला की स्टँडजवळच्या हॉटेलात बसून ते तो मोठ्याने वाचायचे. ज्यांना चष्मा नाही, ज्यांना वाचता येत नाही आणि ज्यांना पेपर विकत घ्यायचा नाही, असे दहा-बारा लोक रोज ऐकायला असत. वाचताना दादा स्वतःचे काही घालत नसत. कोणी विचारले, "हे खरंय का कोतवाल?" तर त्यांचे उत्तर ठरलेले असायचे: "छापून आलंय." आपला मुलगा ते छापण्याच्या कामात आहे, हे ते कोणाला सांगत नसत, पण सगळ्यांना माहीत होते. माझे गिटारवादन त्यांनी कधी ऐकले नव्हते. चुलत्यांकडून त्यांना अहवाल मिळाला होता.

आष्टीचा कार्यक्रम गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा होता. समितीला कीर्तनकार हवे होते, त्यांना तारीख नव्हती. समितीत माझा शाळेतला मित्र होता. त्याने माझे नाव सुचवले, आणि निमंत्रण पत्रिकेवर मी 'भूमिपुत्र' झालो.

त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची होती, पण गुरुवारी सकाळपासून फॉल्ट होता. मोटरी बंद, गव्हाला पाणी देता येत नाही, म्हणून माणसे गावात रिकामी होती. पाच वाजता शाळेच्या मैदानावर मला अपेक्षा नव्हती एवढी गर्दी झाली. दादा पहिल्या रांगेत, धुतलेली टोपी घालून बसले होते. मी अकरा मिनिटांच्या वादनाने सुरुवात करायचे ठरवले. हा निर्णय माझा एकट्याचा होता. गुरुजींनी हलकेच मान हलवून नको म्हटले होते.

चौथ्या मिनिटाला मागून कोणीतरी म्हणाले, "लाइट आली."

अर्धे मैदान उठले. उरलेले अर्धे, लाइट येताच मोटर आपोआप चालू करणारा आपला ऑटो स्टार्टर लावलेला आहे की नाही हे आठवून, त्यांच्या मागे गेले. दारं धरायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला, जायचे म्हटल्यावर कोणी निरोप घेत बसत नाही. त्याच वेळी शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम चालू झाल्यामुळे व्होल्टेज पडले. माझ्या अँप्लिफायरमधून म्हशीच्या हंबरण्यासारखा एक आवाज आला आणि तो बंद पडला. आतेभाऊ आणखी काही वेळ वाजवत राहिला. त्याला कोणी सांगितले नव्हते. मैदानावर समितीचे तीन सदस्य, दादा आणि खुर्च्यांवाला राहिले.

इथे एक तपशील नोंदवायला हवा. सव्वासहाला मला बातमीची आठवण झाली. फोन माझ्या हातात होता, त्याला रेंज होती, आणि पान सुटायला पाऊण तास होता. मी फोन केला नाही. चौथे पान कोण वाचतो, असा विचार मी केला. आष्टीत ते पान कोण वाचतो, हे मला पूर्ण माहीत होते.

शुक्रवारी सकाळी हॉटेलात काय झाले ते मला आतेभावाने सांगितले. तो चहा प्यायला गेला होता. दादांनी नेहमीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचायला घेतले. चौथ्या पानावर गावाचे नाव दिसले तेव्हा ते जरा सावरून बसले आणि आवाज वाढवला. 'शेकडो रसिक' इथे लोकांनी एकमेकांकडे पाहिले. 'एकाही रसिकाने जागा सोडली नाही' हे वाक्य त्यांनी निम्म्यातच सोडले. दिवसाच्या फॉल्टची भरपाई म्हणून लाइट रात्रभर ठेवली होती, आणि ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण रात्री गव्हात दारं धरून आलेले होते. पिठाच्या गिरणीचे मालक दादांच्या बरोबरीचे. ते म्हणाले, "कोतवाल, मंग मी वावरात कोन पाह्यला रातभर?" सगळे हसले. दादांनी पेपरची घडी घातली. त्यानंतर ते पाणीपुरवठ्याची बातमी वाचायला लागले, तर गिरणीवाल्यांनी विचारले, "हे बी तुमच्याच पोरानं लिवलं का?"

दादा घरी आले तेव्हा मी अँप्लिफायर उघडून बसलो होतो. त्यांनी पेपर माझ्यासमोर ठेवला.

"हे कोनी लिवलं?"

मीच, असे मी सांगितले.

"कधी?"

"काल दुपारी."

"म्हंजी व्हायच्या अगुदर."

मी आमच्या कामाची पद्धत समजावून सांगितली. पान किती वाजता सुटते, फोन कधी येतो, वगैरे. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मी तीस वर्सं दवंडी देली. उद्या पानी येनार म्हनलो अन् न्हाई आलं, तर बाया हांडे घेऊन माझ्या दारात उभ्या. तुझ्या दारात कोन येतंय?"

त्या दिवसापासून त्यांनी हॉटेलात पेपर वाचणे बंद केले. पेपर यायचा, हॉटेलवाला तो गल्ल्यावर ठेवायचा, आणि दादा स्टँडच्या दुसऱ्या बाजूने निघून जायचे. आईने मला फोनवर सांगितले की ते सकाळी दहा वाजता घरात काय करावे ते न कळून दोनदा अंगण झाडतात.

मी कार्यालयात दुरुस्ती छापण्याविषयी बोललो. आमच्या प्रमुखांनी विचारले, तक्रार आली आहे का? वडिलांची आहे, असे मी म्हटले. लेखी आहे का? नाही. लेखी तक्रारीशिवाय दुरुस्ती छापत नाहीत. हा नियम चांगला आहे, आणि मी स्वतः तो कित्येकांना सांगितला होता.

पुढच्या रविवारी मी आष्टीला गेलो तेव्हा दादांनी ते कात्रण एका वहीत चिकटवलेले होते. ओळींखाली लाल रेघा होत्या. ते म्हणाले, "दुरुस्ती नको. छापलंय ना, मंग खरं कर."

मी विचारले, खरे करायचे म्हणजे काय?

"जसं लिवलं तसं वाजवायचं."

मग त्यांनी एकेक ओळ घेतली. इतकी कडक उलटतपासणी माझी कोणत्याही संपादकाने केलेली नाही. शेकडो म्हणजे किती, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, ते असेच लिहितात. ते म्हणाले, शंभर म्हणजे एक शेकडा, शेकडो म्हणायला निदान दोन शेकडे पाहिजेत. त्यांनी वहीत दोनशे लिहिले. मान्यवर कोण? मी म्हटले, सरपंच, मुख्याध्यापक. दादा म्हणाले, दोघांना ते स्वतः जाऊन सांगतील. तिघे वादक, म्हणजे गुरुजी यायलाच पाहिजेत. पावणेदोन तास, म्हणजे घड्याळ लावून. 'खिळवून ठेवले' याच्याखाली त्यांनी रेघ मारली होती, पण पुढे काही लिहिले नव्हते. ते कसे मोजायचे ते त्यांना कळत नव्हते. मलाही नव्हते. शेवटी 'दोनदा वन्स मोअर'. तिथे ते थांबले. "हे काही माझ्या हातात न्हाई," म्हणाले. "मी लोकायला बसा म्हनू शकतो. पुन्हा वाजवा म्हना, असं न्हाई म्हनू शकत."

दिवस त्यांनीच ठरवला. लाइनमनकडे जाऊन शेतीच्या लाइटचे वेळापत्रक लिहून आणले आणि ज्या आठवड्यात मोटरींची लाइट रात्रीची आहे त्यातला गुरुवार घेतला. आढ्यावरचा ढोल काढला. नव्या कोतवालाची परवानगी घेतली, ती त्याने हसत दिली, आणि बुधवारी संध्याकाळी निवृत्तीनंतरची पहिली दवंडी दिली. मी जालन्यात होतो. आतेभावाने फोन चालू ठेवून ती मला ऐकवली:

"उद्या पाच वाजता शाळेपुढं माझ्या पोराचं वाजवनं हाय. मागच्या टायमाला अर्धं राह्यलं. उद्या शेताची लाइट रातची हाय, दिवसा मोटर चालनार न्हाई, लाइनमनला इचारून सांगतो. पेपरात छापलंय का कोनी उठलं न्हाई. तवा ज्याला यायचं त्यानं आपापली कामं उरकून यावं. मधी उठता येनार न्हाई. ज्याला बसवनार न्हाई त्यानं येऊ नये, त्याच्यात काही राग न्हाई."

गुरुवारी लोक आले. माझ्यासाठी किती आणि कोतवालांसाठी किती, याची विभागणी करता येत नाही, पण अंदाज करता येतो. दादा शाळेच्या फाटकाशी उभे राहून वहीत पाच-पाचच्या रेघा मारत होते. पावणेपाचला एकशे ऐंशी होते. शाळेची मुले मोजायची का, असे मुख्याध्यापकांनी विचारले. दादा म्हणाले, बातमीत रसिक लिहिले आहे, मुलांना विचारून पाहतो. त्यांनी मुलांना विचारले, तुम्हाला ऐकायचे आहे का? तेवीस जण हो म्हणाले. तेवढे मोजले.

पाच वाजता गुरुजी आले नव्हते. त्यांनी तीन वाजताच जाफराबादहून फोन केला होता. शेअर जीप भरली नव्हती, आणि भरल्याशिवाय ती निघत नाही. जालन्याहून पुढची एसटीही त्यामुळे हुकणार होती. दोघांनी सुरू करू, असे मी म्हटले. दादांनी वही दाखवली. तीन लिहिले होते. शेवटी आतेभावाच्या एका गिऱ्हाइकाने, ज्याचे मळणीयंत्र दुरुस्तीला पडले होते, जालन्यातून मोटरसायकलवर गुरुजींना आणले. बेस गिटार त्यांनी दोघांच्या मध्ये उभी धरली होती. तोपर्यंत सव्वासहा झाले. कोणी उठले नाही. तसे पाहिले तर माझ्या कारकिर्दीतला सर्वांत एकाग्र श्रोतृवर्ग तो होता, आणि आम्ही अजून वाजवायला लागलो नव्हतो.

अकरा मिनिटांचे वादन मी पहिले घेतले नाही. गुरुजींनी मान हलवण्याआधीच मी ते शेवटी ढकलले. आधी लोकांना माहीत असलेल्या चाली घेतल्या. चुलते दुसऱ्या रांगेत होते. मी मागे राहून वाजवतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण ते मांडीवर ताल धरत होते. एक म्हातारे दोनदा उठायला गेले, आणि दोन्ही वेळा शेजाऱ्याने त्यांना हात धरून बसवले. सरपंचांचा फोन वाजला. ते बसल्या जागी, टॉवेल तोंडावर घेऊन बोलले.

शेवटच्या वादनात, साधारण सातव्या मिनिटाला, माझी सर्वांत बारीक तार तुटली. माझा वेग त्या तारेवर होता. उरलेल्या पाच तारांवर मला तेच सूर शोधत, निम्म्या गतीने जावे लागले. आतेभाऊ माल कमी पडल्यासारखा हळू झाला. पुढची चार मिनिटे मी काय वाजवले ते मला नीट आठवत नाही. दोनदा चुकलो, एवढे आठवते. संपले तेव्हा दादांनी घड्याळ पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिले. मैदानावर कोणी हलत नव्हते. संपले आहे हे त्यांना कळले नव्हते की दवंडी पाळायची होती, हे मी सांगू शकत नाही.

मग गिरणीवाले उभे राहिले. म्हणाले, "वन्स मोअर."

थोडे हसू झाले. दादा खुर्चीतून मागे वळले. त्यांच्या हातात वही होती.

"मनापासनं म्हनला, का पेपरासाठी?"

गिरणीवाल्यांनी विचार केला. ते विनोद करायला उभे राहिले होते, पण सगळे मैदान त्यांच्याकडे पाहत होते. "शेवटचं, ते हळू वाजवलं ना, तेवढं मनापासनं," ते म्हणाले. "पहिलं ते घाईघाईचं नको."

आम्ही ते तेवढे पुन्हा वाजवले. संपल्यावर दादा थोडा वेळ थांबले. वाचनालयाच्या समितीतल्या माझ्या मित्राने दुसऱ्या वेळी 'वन्स मोअर' म्हणायला तोंड उघडले. दादांनी त्याच्याकडे पाहिले, आणि त्याने ते मिटले. आठ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी लोकांना उठायला सांगितले.

शुक्रवारी त्यांनी माझ्याजवळ एक अर्ज दिला. आखीव कागदावर, तलाठी कार्यालयात लिहीत तसा, 'विषय' आणि 'महोदय' घालून. अर्जदार म्हणून त्यांची सही होती. मी तो आमच्या प्रमुखांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मला विचारले की हे तुमचे वडील का? मी हो म्हटले. तक्रार लेखी होती.

शनिवारी चौथ्या पानावर, त्याच जागी, पुढील मजकूर आला: 'आष्टी येथील गिटारवादनाच्या वृत्तात "गुरुवारी" याऐवजी "त्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी" आणि "दोनदा वन्स मोअर" याऐवजी "एकदा, शेवटच्या भागापुरता" असे वाचावे. श्रोते दोनशे तीन होते.'

पेपर सकाळच्या एसटीने आष्टीत पोहोचला. दादा हॉटेलात गेले, गल्ल्यावरचा अंक घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. गिरणीवाले समोरच्या बाकावर बसले होते. चौथे पान यायला वीस मिनिटे लागली. ते दादांनी पूर्ण वाचले.